‘असू दे’ म्हणणारं घर: साठवणुकीचा आजार आणि त्यावरचे उपचार

सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या रामबागेतल्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातलं घातक आणि ई-कचरा, असे तिचे सहा कप्पे. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलेल्या या इंदुरात गाडीचा आवाज आला की अख्खी गल्ली डबे-पिशव्या घेऊन दारात उभी राहते. माझे वडील, अण्णा, तेही उभे राहायचे. बाकीचे भरल्या हातांनी जायचे आणि रिकाम्या हातांनी परतायचे. अण्णा रिकाम्या हातांनी जायचे आणि शेजाऱ्यांचा थर्माकोलचा खोका काखेत मारून परतायचे. "धड आहे की. असू दे, लागतो."

त्या ‘असू दे’ने आमच्या चार खोल्यांपैकी अडीच खाल्ल्या. आईचा स्वयंपाकाचा ओटा हातभर उरला, माडीवर जायचा जिना एका माणसाने आडवं होऊन चढण्याइतका झाला, आणि आम्ही पाहुण्यांना "आम्हीच येतो तुमच्याकडे" म्हणायला लागलो. हा आजार आहे हे कळायला आम्हाला दहा वर्षं लागली. मी डॉक्टर नाही. पण गेली काही वर्षं अण्णांबरोबर दवाखान्यात बसून, वाचून आणि मुख्य म्हणजे चुकून जे समजलं, ते ज्यांच्या घरी असंच कुणी आहे त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते आहे.

आधी खात्री करा: काटकसर, छंद, पसारा की आजार?

भावाने ‘होर्डिंग डिसऑर्डर’ हा शब्द उच्चारला तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे ते चौकात नेत्यांच्या वाढदिवसाचे लावतात ते?" मराठीत याला अजून रुळलेला शब्द नाही. मी साठवणुकीचा आजार म्हणते. डॉक्टरांच्या जगातही त्याला स्वतःचं नाव मिळून फार दिवस झालेले नाहीत. पूर्वी तो ओसीडीचाच, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याच्या आजाराचाच, एक प्रकार समजला जाई. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ साली तो स्वतंत्र आजार झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो वेगळा आहे. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र पाहिले तर मोठ्या माणसांमध्ये शंभरात दोन-तीन जणांना तो असतो. म्हणजे आपल्या गल्लीतही कुणी असणार, फक्त त्यांचं दार बंद आहे.

आता आपल्या घरांची पंचाईत अशी की श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन ठेवणं हा आपल्याकडे संस्कार आहे. दुधाच्या पिशव्या, लग्नातल्या साड्यांचे खोके, सुतळीचे तुकडे, जुन्या चादरींची पायपुसणी. याला कुणी आजार म्हणू नये. तिकिटं-नाणी जमवणाराही वेगळा: तो निवडून घेतो, लावून ठेवतो, आल्यागेल्याला दाखवतो. साठवणाऱ्याला लाज वाटते, तो दार लोटून घेतो. आणि नुसता आळशी माणूस पसारा करतो, पण तुम्ही तो आवरलात तर खूश होतो.

आजार म्हणायला काही गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात. वस्तूची किंमत कितीही असो, ती सोडताना अडणं. ‘ठेवायलाच हवी’ असं आतून वाटणं आणि टाकायच्या विचारानेच जीव कासावीस होणं. त्यामुळे राहत्या खोल्या ज्यासाठी बांधल्या त्यासाठी वापरता न येणं. घरच्यांनी सतत आवरून घर मोकळं ठेवलं असेल तर तेवढ्यावर फसू नका. आणि या सगळ्यामुळे त्या माणसाचं किंवा घराचं जगणं अडखळणं. बहुतेकांमध्ये ‘आणणं’ही असतं: सेलमध्ये घेणं, फुकट मिळालेलं उचलणं, रस्त्यावरचं वेचणं.

घरात फिरून साधे प्रश्न विचारा. पलंगावर झोपता येतं का? ओट्यावर पोळी लाटता येते का? न्हाणीघरात बादली ठेवायला जागा आहे का? रात्री लाइट गेली तर न अडखळता दारापर्यंत पोचता येईल का? तज्ज्ञ यासाठी स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि बैठक यांची प्रत्येकी नऊ चित्रं दाखवतात, पहिल्यात जवळजवळ रिकामी खोली आणि नवव्यात छतापर्यंत भरलेली. आपली खोली चौथ्या चित्रासारखी किंवा त्यापुढची दिसत असेल तर मदत घ्यायची वेळ झाली असं धरतात. अण्णांनी आमच्या बैठकीसाठी तिसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. आईने सहाव्यावर. ही तफावतही आजाराचाच भाग: बऱ्याच जणांना स्वतःचा पसारा दिसतच नाही.

जड वस्तू नसते, निर्णय असतो

अण्णा सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. मिलिमीटरची चूक न करणारा माणूस. त्यामुळे ‘बेफिकीर’, ‘आळशी’ हे शब्द त्यांना लागूच पडत नव्हते आणि आमचं डोकं तिथेच चालेनासं व्हायचं. शेजारच्या काकूंचा माळा आवरताना हेच अण्णा पाच मिनिटांत सांगत, "हे टाका, हे रद्दीला, हे ठेवा." स्वतःच्या खोलीत मात्र २०११ सालचं लग्नाचं निमंत्रण हातात घेऊन वीस मिनिटं.

याचं उत्तर मला एका प्रयोगात सापडलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात लोकांना मेंदूच्या स्कॅनिंग मशीनमध्ये झोपवून कागद दाखवले: काही त्यांच्या घरी आलेली टपालं, काही परक्यांची. ठेवायचं की फाडायचं, ते सांगायचं. फाडा म्हटलं की त्यांच्यासमोर फाडायचे. साठवणुकीच्या रुग्णांमध्ये परक्याच्या कागदाच्या वेळी मेंदूचे दोन विशिष्ट भाग नेहमीपेक्षा शांत होते, आणि स्वतःच्या कागदाच्या वेळी तेच भाग प्रमाणाबाहेर पेटले. ‘हे महत्त्वाचं आहे’, ‘इथे चूक झाली तर घात होईल’ असे इशारे देण्यात ज्यांचा हात असतो, असे ते भाग. म्हणजे अण्णांना प्रत्येक वेळी रद्दीचा कागद हा करारनाम्याच्या कागदासारखा भासत होता.

त्यावर तीन-चार गोष्टींची भर पडते. वर्गवारी करणं जमत नाही, म्हणून सगळं डोळ्यांसमोर ठेवायचं, ढिगावर ढीग. स्मरणशक्तीवर भरवसा नाही, म्हणून वस्तूच आठवण म्हणून ठेवायची. वस्तू वाया जाणं हे पाप वाटतं. आणि माया: माझी आजी गेली तेव्हापासून तिच्या औषधांच्या बाटल्यासुद्धा अण्णांनी हलवू दिल्या नाहीत. सुरुवात मात्र त्याच्या किती तरी आधीची. आत्या सांगते, शाळेत असताना अण्णा संपलेल्या रिफिल जमवायचे. हे नेहमीचंच चित्र आहे: पहिल्या खुणा अकरा ते पंधराच्या वयात, तिशीच्या आसपास अडचण, आणि मग दर दशकाला वाढ. म्हातारपणी एकदम झाल्यासारखं वाटतं, कारण तोवर खोल्या संपलेल्या असतात. रक्ताच्या नात्यातही हे चालतं. सुमारे निम्मे रुग्ण सांगतात की आमच्या जवळच्या नात्यात असं कुणी आहे. मी माझा फोन उघडून त्यातले अकरा हजार फोटो पाहिले आणि गप्प बसले.

आम्ही केलेली चूक, जी तुम्ही करू नका

२०१९ मध्ये अण्णा आणि आई पाच दिवस पुण्याला लग्नाला गेले. मी आणि दादाने संधी साधली. लोडिंग रिक्शाच्या सात फेऱ्या केल्या, भिंतींना रंग दिला, नवे पडदे लावले. आम्हाला वाटलं, अण्णा आत येतील आणि त्यांचे डोळे भरून येतील. अण्णा दारात उभे राहिले, खोलीभर पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "माझी टी-स्क्वेअर कुठाय?"

नोकरीत पहिल्या पगारातून घेतलेली ती लाकडी पट्टी सातपैकी कुठल्या तरी फेरीत गेली होती.

दोन दिवस ते आमच्याबरोबर जेवले नाहीत. खोलीला कुलूप लागलं, आईच्या कचऱ्याच्या पिशव्या तपासल्या जाऊ लागल्या, आणि आठ महिन्यांत खोली होती त्याहून जास्त भरली. हे आमच्याच घरचं वैशिष्ट्य नव्हतं, हे नंतर समजलं. पाठीमागे किंवा जबरदस्तीने केलेली सफाई दुःख देते, विश्वास तोडते आणि घर पुन्हा भरतं, कारण निर्णय घेण्याची अडचण आहे तिथेच राहते. पुढे आमच्या समुपदेशक बाईंनी सगळ्यात आधी मला आणि दादाला अण्णांची माफी मागायला लावली. उपचार तिथून सुरू झाला असं मी मानते.

याला अपवाद आहेत. सांडपाणी तुंबलंय, गॅसजवळ कागद आहेत, घरात लहान मूल किंवा कोंडलेली जनावरं आहेत, तर वाट पाहता येत नाही. तेव्हाही शक्यतो त्या माणसाला समोर ठेवून, डॉक्टरांना कळवून आणि फक्त धोक्यापुरतंच हलवा.

आधी जीव वाचवा, मग जागा

ही पायरी उपचाराची वाट न पाहता आजच करता येते, कारण तिच्यात काहीच टाकायचं नसतं, फक्त सरकवायचं असतं. अण्णांना मी एवढंच विचारलं, "अण्णा, आई रात्री उठते, पडली तर? पलंगापासून संडासापर्यंत आणि तिथून दारापर्यंत वाट मोकळी करू या. फेकायचं काही नाही." ते लगेच तयार झाले. दोन माणसं सहज जातील एवढी वाट, जिन्याची प्रत्येक पायरी मोकळी, शेगडी-सिलिंडर-गिझरच्या आसपास कागद-कापड-प्लास्टिक काही नाही, ढिगाखालून गेलेल्या एक्स्टेंशन वायरी बाहेर, छातीच्या वर कुठलाही ढीग नाही. जुन्या वाड्यात राहत असाल तर माळ्यावरच्या वजनाकडे पाहा. भिजलेली वर्तमानपत्रं दगडासारखी जड होतात. मुदत संपलेली औषधं आणि रोजची औषधं वेगळी करा. अण्णांची बीपीची गोळी अशीच दोन वेळा चुकली होती.

डॉक्टरांकडे: कुणाकडे, कसं न्यायचं

"तुमच्या पसाऱ्यासाठी डॉक्टरकडे चला" म्हटलंत तर कुणीही येणार नाही. अण्णा गेले ते झोप लागत नाही म्हणून. ही पळवाट नव्हे: साठवणुकीच्या सुमारे निम्म्या रुग्णांना नैराश्यही असतं, आणि झोप, चिंता, चिडचिड हे खरंच त्यांचं दुखणं असतं. ते यायला तयारच नसतील तर आधी तुम्ही एकटे जा. घरच्यांनी कसं वागायचं हे शिकण्यासाठी गेलात तरी फरक पडतो.

इंदुरात सरकारी सोय म्हणजे बाणगंगेचं मानसिक रुग्णालय. त्या नावाची आमच्या पिढीला इतकी धास्ती, की "बाणगंगेला पाठवीन" ही लहानपणी धमकी असे. पण तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो आणि दाखवायला गेलेला माणूस तासाभराने घरी येतो. खासगीत जायचं तर आधी मनोविकारतज्ज्ञ आणि मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा. सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत येते का, आणि घरी यायची किंवा व्हिडिओवर घर पाहायची तयारी आहे का, हे दोन प्रश्न फोनवरच विचारा. कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा, १४४१६, चोवीस तास आणि फुकट आहे. विम्याचं म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला सांगितलंय. पण बहुतेक पॉलिस्या भरती झाल्यावरचा खर्च देतात आणि हा आजार ओपीडीचा, हे लक्षात ठेवून हिशेब करा.

डॉक्टरांनी एक गोष्ट आवर्जून तपासायला हवी: हे कधी सुरू झालं? आयुष्यभर नीटनेटका असलेला माणूस साठीनंतर अचानक वस्तू, उष्टं-खरकटं, कागदाचे बोळे साठवू लागला आणि त्याला त्याचं सुख-दुःख काही दिसत नसेल, तर स्मृतिभ्रंशाची, विशेषतः मेंदूच्या पुढच्या भागाच्या आजाराची शक्यता पाहावी लागते. त्याचा रस्ता वेगळा. लक्ष न टिकण्याचा आजार, ओसीडी, नैराश्य हे बरोबर असतील तर त्यांचे उपचारही लागतात. अण्णांची स्मरणशक्तीची चाचणी, थायरॉइड, बी-बारा सगळं झालं. स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली निघाली.

औषधाबद्दल थोडक्यात: फक्त या आजारासाठी म्हणून मान्यता मिळालेली गोळी नाही. पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन अशा नैराश्यावरच्या औषधांनी काहींना फायदा झाल्याचे लहान अभ्यास आहेत. डॉक्टर देतील तर घ्या. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून घेऊ नका, आणि गोळीने खोली मोकळी होईल अशी आशा धरू नका.

बोलायचं कसं

आमच्या इंदुरी तोंडात ‘अटाला’ हा शब्द बसलेला. भंगार, अडगळ, सगळ्याला अटाला. बाईंनी पहिल्याच भेटीत तो आणि ‘कचरा’ हे दोन्ही शब्द बंद केले. अण्णा ‘सामान’ म्हणतात, तर आम्हीही सामान. परवानगीशिवाय वस्तूला हात लावायचा नाही, धुळीचं बोचकंसुद्धा. "हे कशाला हवंय?" असं विचारलं की माणूस ठेवण्याची दहा कारणं शोधतो आणि ती त्याला आणखी पक्की होतात. त्यापेक्षा "याचं काय करायचं ठरवताय?" असं विचारून गप्प बसायचं. गप्प बसणं मला अजून नीट जमत नाही.

आणि सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न: "अण्णा, या खोलीत काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?" बराच वेळ थांबून ते म्हणाले, "गणपती बैठकीत बसायचा पूर्वी. आता फडताळात बसवतो आपण." घर स्वच्छ व्हावं हे आमचं ध्येय होतं, त्यांचं नव्हतं. चौरंग, मखर आणि आरतीला उभी राहतील आठ माणसं, एवढी जागा हे त्यांचं ध्येय. पुढची दोन वर्षं आम्ही त्यावरच चाललो. तुमच्या घरी ते नातवाचा पाळणा असेल, ब्रिजचा डाव असेल. त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

उपचारात प्रत्यक्ष काय करतात

सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत. साठवणुकीसाठी तिचा खास आराखडा आहे आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या महत्त्वाच्या चाचणीत तो सव्वीस बैठकांचा होता, त्यातल्या काही रुग्णाच्या घरी. सव्वीस ऐकून अण्णा म्हणाले, "एवढ्यात पूल बांधून होतो." आमच्या एकवीस झाल्या.

पहिल्या काही बैठकांत वस्तूला हातच लावला नाही. काय आणतो, का ठेवतो, टाकताना नेमकी भीती कशाची, याचा कागदावर नकाशा काढला. अण्णांनी तो स्केलने काढला, हे सांगायला नको.

मग निर्णयाचा सराव. जागा ठरलेली: बैठकीतलं लाकडी टेबल, पूर्ण खोली नव्हे. वेळ ठरलेली: रोज वीस मिनिटं, चहानंतर. अर्धवट राहिलं तरी वेळ संपली की उठायचं. चार खोके: ठेवायचं, द्यायचं, रद्दी-भंगारला, कचरागाडीत. पाचवा ‘बघू’चा खोका बाईंनी दिला, पण बुटाच्या खोक्याएवढा, आणि तो भरला की आधी तोच रिकामा करायचा. वस्तू एकदाच हातात घ्यायची; ढिगातून उचलून दुसऱ्या ढिगात ठेवणं, ज्याला आमची आई ‘पसाऱ्याची बदली’ म्हणते, ते बंद. ‘ठेवायचं’ ठरलं तर त्याची जागा त्याच मिनिटाला सांगायची. जागा सांगता आली नाही तर पुन्हा विचार.

टाकायचे नियम अण्णांनी स्वतः लिहिले, स्वतःच्या अक्षरात, आणि भिंतीला चिकटवले: "एका जातीचे दोन पुरेत. दुरुस्तीला आणलेलं महिन्यात दुरुस्त, नाहीतर रजा. ओल लागलेला कागद ठेवायचा नाही." आम्ही सांगितलेले नियम त्यांनी मानले नसते.

या सगळ्याचा गाभा मात्र वहीत आहे. टाकण्याआधी लिहायचं: किती त्रास होईल, शंभरपैकी किती? काय वाईट घडेल? मग टाकायचं, आणि लगेच, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने पुन्हा आकडे लिहायचे. बंद पडलेल्या पंख्याच्या रेग्युलेटरची नोंद अशी आहे: आधी ८०, "लागेल तेव्हा बाजारात हा मेकच मिळणार नाही." टाकल्यावर ७०. संध्याकाळी ४५. दुसऱ्या सकाळी ३०. आठव्या दिवसाच्या रकान्यात काहीच नाही, लिहायचं विसरले. बाईंनी त्या रिकाम्या रकान्याला गोल केला. अस्वस्थता टाळली नाही तर ती आपोआप उतरते, हे शंभर वेळा सांगून पटत नाही, वहीत दिसलं की पटतं. म्हणून सुरुवात सोप्या वस्तूंनी करतात आणि आजीच्या वस्तूंसारखं भावनेचं सामान शेवटी. नेमकं उलटं आम्ही आधी करायला बघत होतो.

न आणण्याचाही सराव असतो आणि तो मला घरातल्या कामाहून महत्त्वाचा वाटतो, कारण नळ चालू ठेवून टाकी कशी रिकामी होणार? राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांपाशी अण्णांचा पाय अडतो. तिथे त्यांना घेऊन जायचं, पुस्तकं पाहायची, हातात घ्यायची, आणि काही न घेता परत यायचं. पहिल्यांदा बाईंबरोबर, मग माझ्याबरोबर, मग एकटं. खिशात तीन प्रश्नांची चिठ्ठी: घरात असं आहे का? ठेवणार कुठे? या महिन्यात वापरणार का? येताना कचोरी खायची, हा कार्यक्रम आमचा. सगळ्यात अवघड सराव कचरागाडीचा निघाला. पाच मिनिटं गाडीजवळ उभं राहायचं आणि हात मागे बांधून परतायचं.

वय जास्त असेल तर विचारांचा काथ्याकूट कमी आणि हाताने करायचं जास्त, असा बदल करतात: कॅलेंडरवर लिहिणं, यादी करणं, कामाचे लहान तुकडे पाडणं, आणि टाकण्याचा सराव. अण्णांच्या बाबतीत बाईंनी हळूहळू तसंच केलं. परदेशात असे गटही चालतात, जिथे दहा-बारा जण मिळून सराव करतात. आपल्याकडे असा गट सापडला नाही तरी सराव तोच.

अपेक्षा किती ठेवायची? बहुतेकांचा त्रास आणि पसारा कमी होतो. पण आजाराच्या रेषेखाली पूर्णपणे येणारे निम्म्याहून कमी असतात. ‘बरं झालं’पेक्षा ‘आटोक्यात आलं’ हा शब्द वापरा, मग चिडचिड कमी होईल.

कागदांचं काय

इथे अण्णांचं म्हणणं खोडून काढणं सोपं नव्हतं. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिथल्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये २०२३ च्या डिसेंबरात मार्गी लागले. बत्तीस वर्षं! शहरातला प्रत्येक म्हातारा माणूस तेव्हापासून म्हणतो, "बघा, कागद ठेवावे लागतात." अण्णांनी ती बातमी कापून ठेवली. चार वर्तमानपत्रांतून.

म्हणून वाद न घालता त्यांचं म्हणणं मान्य केलं: हो, काही कागद जन्मभर ठेवायचे. त्यांची लोखंडी पेटी केली. घराची रजिस्ट्री आणि नामांतरण, पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ), नोकरीचे आदेश, जन्म-मृत्यूचे दाखले, मार्कशीट, विमा, ऑपरेशनचे कागद, कोर्टकचेरीचं असेल ते. आयकराचे कागद किती वर्षांचे, ते सीएला विचारून त्याने सांगितलेला आकडा पेटीच्या झाकणावर लिहिला. पेटी भक्कम झाल्यावर १९९४ पासूनची विजेची बिलं, बँकेच्या जाहिराती आणि टेंडरच्या नोटिसा सोडणं त्यांना जमलं. सगळं स्कॅन करून ठेवू, असा उत्साह दादाला आला होता. बाईंनी तो थांबवला: पाच हजार फाइलींचा ढीग फक्त दिसत नाही, बाकी तोच.

घराबाहेर जाईपर्यंत काम झालं असं समजू नका

‘द्यायचं’ म्हणून बांधलेली बोचकी आमच्या ओसरीवर चार महिने होती, आणि त्यातून दोन वस्तू परत आत गेल्या. आता नियम असा: पिशवी बांधली त्या आठवड्यातच बाहेर, आणि गाठ पुन्हा सोडायची नाही. इंदुरात सहा प्रकारची वर्गवारी हाडात मुरलेली, त्याचा अनपेक्षित फायदा झाला. ‘फेकलं’ म्हणण्यापेक्षा ‘ई-कचऱ्यात गेलं, त्यातलं तांबं निघेल’ म्हणणं अण्णांना सोसतं. पालिकेची जुन्या वस्तू घेणारी केंद्रं, वॉर्डातला रद्दीवाला, ओळखीच्या शाळेची प्रयोगशाळा, सगळं वापरलं. फक्त योग्य हाती पडावं म्हणून योग्य हात शोधत बसणं हाही साठवण्याचाच एक बहाणा असतो, तेव्हा शोधाला मुदत घाला. वाचनालयाला कुबट दिवाळी अंक देऊ नका. त्यांच्याकडे आपल्याहून जास्त आहेत.

आईचं काय

या आजारात रुग्णाइतकीच घरातली दुसरी व्यक्ती झिजते आणि तिला कुणी विचारत नाही. बाईंनी आईला एक हक्क लेखी मिळवून दिला: स्वयंपाकघर आणि देवघर तिचं, तिथे अण्णांची एकही वस्तू नाही. अण्णांनी सही केली. तुमच्या घरातही एक खोली अशी ठरवा. मुलांनी फोनवरून "आवरा की आता" म्हणायचं बंद करावं, त्याऐवजी दर रविवारी अर्धा तास येऊन टेबलापाशी नुसतं बसावं. सोबत असली की अण्णांचे निर्णय दुप्पट वेगाने होतात, हे वहीत दिसतं.

पुन्हा भरलं तर

भरतं. आमच्याकडे दिवाळीत मिठाईचे खोके आले की भरतं, कुणी वारलं की भरतं, अण्णा आजारी पडले की भरतं. अशा दिवसांची आधीच यादी करून कॅलेंडरवर खूण करायची आणि त्या महिन्यात एखादी बैठक जास्त घ्यायची. तीन महिन्यांतून एकदा त्याच कोपऱ्यातून त्याच खोलीचा फोटो काढायचा; डोळ्याला सवय होते, फोटोला होत नाही.

गेल्या दोन वर्षी गणपती बैठकीत बसला. माडी अजून अर्धी भरलेली आहे, तिथे सध्या आठवड्याला एक तास काम चालतं. मंगळवारी अण्णांनी स्वतः सुक्या कचऱ्याची पिशवी गाडीत टाकली, दोन पावलं मागे आले, पुन्हा पुढे गेले आणि पिशवीतून एका बरणीचं झाकण काढून घेतलं. वहीत नोंद केली: "झाकण. ४०." ते सध्या बुटाच्या खोक्यात आहे.